चार वाजेपर्यंत

१

रेकॉर्डिंगला तीन दिवस लागले, कारण म्हाताऱ्याला ‘कृपया’ म्हणता येईना.

“बाबा, ‘कृपया पाणी जपून वापरा’ म्हणा,” सूनबाई मोबाइल त्याच्या तोंडासमोर धरून सांगायची.

“पाणी जपून वापरा.”

“कृपया राहिलं.”

“राहू दे. बेटावर विहीर एक आहे. ती काय माझ्या कृपेवर भरते?”

तिसऱ्या दिवशी तिने नाद सोडला. म्हातारा जसा बोलला तसंच घेतलं. समोरचे चार दात गेल्यापासून त्याचा ‘च’ फुसका निघत असे, हवा निसटल्यासारखा. तेही तसंच राहिलं.

एकतीस वर्षं हे काम त्याने उभ्याने केलं होतं. लाँच धक्क्याला लागली की तो पाहुण्यांना रांगेत उभं करायचा आणि बेटाची माहिती सांगायचा. दुकानं दोन, डॉक्टर नाही. कचरा आणला तसा परत न्या. वाळत टाकलेल्या जाळ्यांवरून चालू नका, बाजूने जा. कुणाच्या अंगणात शिरून फोटो काढू नका. आम्ही तुमच्या घरात शिरलो तर चालेल का? पालथ्या होडीवर बसू नका, खाली माणूस काम करत असतो. परतीची शेवटची लाँच पाचला. चुकली तर उद्या सकाळी, आणि रुसून उपयोग नाही.

मग खडकाचं. बेटाच्या मागच्या अंगाला दीपस्तंभाचा खडक आहे. ओहोटीला मधली वाळू उघडी पडते आणि चारशे पावलं चालत तिथे जाता येतं. भरती लागली की तीच वाळू दोन्ही बाजूंनी बुडते. म्हणून कितीच्या आत मागे फिरायचं ते धक्क्यावरच्या फळ्यावर रोज लिहिलेलं असे, आणि म्हातारा ते मोठ्याने वाचून दाखवत असे.

शेवटी एकच वाक्य. “काही विचारायचं असेल तर आत्ता विचारा. नंतर नाही.”

त्याचा आवाज असा होता की बेटावर सगळे त्याला भोंगाकाका म्हणत. आता सूनबाईने खांबावर खरा भोंगा बसवला. लाँच चालवणारा त्याचा मुलगा हसून म्हणाला, “बाबा, तुमचा धाकटा भाऊ आला.”

म्हातारा हसला नाही. पाहुण्यांनी तक्रार केली होती, म्हातारा उर्मट आहे म्हणून. आणि घरच्या माणसांनी ती ऐकून घेतली होती.

२

वाळूची वेळ मात्र रेकॉर्डिंगमध्ये घालता येत नव्हती. भरती रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकते. म्हणून भोंगा एवढंच म्हणे, “वेळ फळ्यावर लिहिली आहे. वाचा आणि पाळा.” फळा म्हाताऱ्याकडेच राहिला. सकाळी धक्क्यावरच्या कचेरीत जायचं, भरतीच्या वेळांचं पुस्तक उघडायचं, आजच्या तारखेवर बोट ठेवायचं, ओळीच्या टोकापर्यंत न्यायचं आणि खडूने आकडा लिहायचा. शाळा चौथीपर्यंत झालेली. पण घरात कुणी त्या पुस्तकाला हात लावत नसे. वेळ ही म्हाताऱ्याची गोष्ट होती.

त्या दिवशी त्याने लिहिलं होतं, १.३०.

लाँच आली. भोंगा बोलून थांबला. पाहुणे पांगले. एक चष्मेवाली बाई मात्र फळ्यासमोर उभी राहिली. हातात वही, कानाच्या मागे पेन.

“काका, नक्की काय धरायचं? इथे दीड लिहिलंय.”

“लिहिलंय ते धरायचं.”

“पण भोंगा चार म्हणाला.”

“भोंगा वेळ सांगत नाही.”

“आत्ताच म्हणाला ना. ‘चार वाजेपर्यंत.’ मी लिहून घेतलं.” तिने वही पुढे केली.

म्हाताऱ्याने वहीकडे पाहिलंही नाही. “बाई, कान तपासून घ्या. आणि दीडच्या आत मागे फिरा. चार म्हणे!”

बाई पुटपुटत गेली. म्हाताऱ्याने फळ्याखालचा खडू उचलला आणि दीडवर पुन्हा एकदा गिरवलं, इतकं जोरात की खडू मोडला.

३

रात्री जेवताना सूनबाईने विषय काढला.

“बाबा, आज चार जणांनी मला विचारलं. दीड की चार? तुम्ही माझ्या मागे पुन्हा रेकॉर्डिंग केलंत का?”

“मला तुझा मोबाइल उघडता येत नाही.”

“मग चार आलं कुठून?”

“लोकांच्या डोक्यातून. लोक ऐकत नाहीत. सांगितलेलं एक, ऐकायचं दुसरं. पूर्वीपासून हेच.”

सूनबाईने मोबाइल ताटाशेजारी ठेवला आणि रेकॉर्डिंग लावलं. सगळं शेवटपर्यंत वाजलं. विहीर, दुकानं, जाळी, अंगण, होडी. वेळ फळ्यावर लिहिली आहे. वाचा आणि पाळा. काही विचारायचं असेल तर आत्ता विचारा. चार कुठेही नव्हता.

“बघ,” म्हातारा म्हणाला.

“चार माणसांना एकदम भास होतो का बाबा?”

मुलगा खाली मान घालून जेवत होता. तो या घरात जन्मलेला, सूनबाई सहा वर्षांपूर्वी आलेली. तिला ठाऊक नसलेलं त्याला ठाऊक होतं. तो हळूच म्हणाला, “वारा असेल. वाऱ्याने भोंग्याचा आवाज फाटतो.”

“हो, वाऱ्याला आकडे येतात,” सूनबाई म्हणाली आणि उठून गेली.

४

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याने फळ्यावर २.२० लिहिलं आणि लाँच येण्याआधीच खांबाखाली जाऊन उभा राहिला. हात मागे, मान वर. भोंग्यावर कावळ्याने घाण केली होती.

लाँच लागली. सूनबाईने कचेरीतून रेकॉर्डिंग सुरू केलं. म्हातारा स्वतःला ऐकत राहिला. फुसका ‘च’, दम खाऊन बोलणं. आपण एवढे थकलेले वाटतो हे त्याला आवडलं नाही.

खडकाचा विषय आला. ओहोटीला वाळू उघडी पडते. चारशे पावलं.

मग भोंगा थांबला. आणि खोकला.

म्हाताऱ्याची मान ताठ झाली. त्या खोकल्याला तळाशी घरघर होती, दिवसाला दोन बंडल विड्या ओढणाऱ्याची. म्हाताऱ्याने विडी सोडून अठरा वर्षं झाली होती.

“चार वाजेपर्यंत,” भोंगा म्हणाला. “चारच्या आत मागे फिरा. घाई नाही.”

आवाज त्याचाच होता. पण ‘च’ लख्ख होता. सगळे दात असलेल्या माणसाचा.

पाहुण्यांनी माना डोलावल्या. कुणी घड्याळ पाहिलं. म्हातारा ओरडला, “दोन वीस! दोन वीस! फळ्याकडे बघा!” आणि कचेरीत घुसला. सूनबाई खिडकीशी बसून पाहुण्यांची यादी करत होती.

“बंद कर ते!”

“काय झालं?”

“ऐकलं नाहीस?”

“तुमचा खोकला ऐकला. बाहेर खोकलात ना तुम्ही?”

म्हाताऱ्याने भिंतीवरची पक्कड काढली, बाहेर गेला आणि पाहुण्यांच्या देखत भोंग्याची वायर कापली. एकदा नव्हे, तीन ठिकाणी.

सूनबाई धावत आली. तुकडे पाहून तिचा चेहरा लाल झाला. “भोंग्याचा मत्सर करता? या वयात? निर्जीव वस्तूचा?”

“तो खोटं बोलतो.”

“तो तुमचंच बोलतो! एक शब्द माझा नाही त्यात. कृपयासुद्धा नाही!”

पाहुण्यांमध्ये कुणीतरी फिसकन हसलं. म्हाताऱ्याने पक्कड पाण्यात भिरकावली. त्या पक्कडीने त्याचं काही वाकडं केलं नव्हतं.

५

दुपारी तो कचेरीच्या मागच्या खोलीत बसून राहिला. खोलीत जुने नांगर, दोरखंड आणि मोडका बाक. खिळ्याला त्याचा पावसाळी कोट, खाकी, कोपरावर ठिगळ. तो कोट त्याने कित्येक वर्षांत घातला नव्हता. बाहीच्या कडेला पांढरा डाग होता. धुऊनही न गेलेला.

तो तिकडे पाहत नव्हता.

वायर ओली असेल, तो स्वतःला सांगत होता. ओल्या वायरीत दुसरीकडचं बोलणं शिरतं. रेडिओत नाही का शिरत? खोकला कुणालाही येतो. आणि चार हा आकडा कुणाच्या मालकीचा नाही.

सव्वादोनला पाहुणे वाळूवरून परतू लागले. सगळ्यात पुढे एक निवृत्त बँकवाला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. म्हातारा बाहेर आला.

“बरं केलंत. वेळेत आलात.”

“फळ्यावर वाचलं म्हणून. तुमचे ते तर म्हणत होते, घाई नाही, चारपर्यंत थांबा.”

“आमचे कोण?”

“वाळूच्या तोंडाशी उभे असतात ते. खाकी कोटवाले. एवढ्या उन्हात कोट! मी म्हटलं, दोन वीस लिहिलंय. तर नुसतं खोकले. तुमचे भाऊ का? अगदी तुमच्यासारखे. जरा तरुण.”

“मला भाऊ नाही,” म्हातारा म्हणाला.

“मग तोतया आहे बघा,” बँकवाला हसला आणि बूट झटकू लागला.

म्हातारा मागच्या खोलीत परत गेला. कोट खिळ्यालाच होता. त्याने हात लावला. खालची किनार ओली होती, आणि तिला वाळू चिकटली होती.

६

अठरा वर्षांपूर्वी एक मास्तर सहा माणसं घेऊन आला होता. सगळे एका गावचे, कुणी शिंपी, कुणी पोस्टातला, दोघी बहिणी. म्हाताऱ्याने त्यांना माहिती सांगितली, फळा वाचला, “काही विचारायचं असेल तर आत्ता विचारा” म्हणाला.

मास्तराने हात वर केला होता. वर्गातल्यासारखा, कोपर सरळ.

तोवर दुसरी लाँच लागत होती. म्हातारा म्हणाला होता, “लिहिलंय ना मोठ्या अक्षरात? वाचता येतं ना? मग वाचा.” मास्तराने हात खाली घेतला.

फळ्यावर ४.०० होतं. पुस्तकात त्या तारखेला ३.१० होतं. चार ही खालच्या ओळीतली वेळ, दुसऱ्या दिवसाची. म्हाताऱ्याचं बोट एक ओळ खाली घसरलं होतं. एवढंच. एका बोटाच्या रुंदीएवढं.

साडेचारला ओरडा झाला तेव्हा तो आधी फळ्याकडे धावला होता. वाळूकडे नंतर. कोटाच्या बाहीने चार पुसला आणि तीन दहा लिहिलं. सातांपैकी कुणी जिवंत परत आलं नाही. मग चौकशीला साहेब आले. त्यांनी फळा पाहिला, पुस्तक पाहिलं. “तुम्ही त्यांना सांगितलं होतं?”

“तीन दहा सांगितलं होतं साहेब. ऐकलं नाही त्यांनी. लोक ऐकत नाहीत.”

अठरा वर्षं तो हेच म्हणत आला होता. म्हणता म्हणता त्याचा राग खरा झाला होता.

७

तिसऱ्या दिवसाची वेळ काय असणार हे त्याला पुस्तक न उघडताही ठाऊक होतं. एक तीस, दोन वीस, तीन दहा. तरी त्याने पुस्तक उघडलं. ओळीखाली पट्टी धरली. बोटाने नाही, पट्टीने पाहिलं. दोनदा. मग बाहेर जाऊन फळ्यावर लिहिलं, आणि मागच्या खोलीत येऊन कोटासमोर बाकावर बसला. आज हा इथून हलला तर बघतो, असं त्याने ठरवलं होतं.

सूनबाई त्याच्याशी बोलत नव्हती. लाँच आली तेव्हा तिनेच पाहुण्यांना माहिती सांगितली. कृपया, कृपया, कृपया. मग दारातून कोरड्या आवाजात म्हणाली, “मी स्वतः घेऊन जातेय सगळ्यांना खडकावर. अकरा जण आहेत. तुमचा गोंधळ नको पुन्हा.” मुलगा लाँच घेऊन परत पलीकडे गेला.

म्हातारा बसून राहिला. खोलीत उकडत होतं. दोरखंडांचा वास. माशी कोटाच्या खांद्यावर बसली, उडाली, पुन्हा बसली. त्याचे डोळे किती वेळ मिटले ते त्याला कळलं नाही. फार वेळ नसावा.

उघडले तेव्हा खिळा रिकामा होता.

तो बाहेर आला. कचेरीतल्या घड्याळात तीनला पाच कमी. धक्क्यावर चिटपाखरू नव्हतं. फळा त्याच्यासमोर होता.

४.००

अक्षर त्याचंच. चारची गाठ तो जशी काढतो तशीच. त्याने आत जाऊन पुस्तक आणलं. आजची ओळ, तीन दहा. खालची ओळ, चार. पट्टी पुस्तकात होती. खालच्या ओळीखाली.

मी लिहिलं की त्याने, हा विचार त्याच्या डोक्यात आला आणि त्याला कळलं की याचं उत्तर शोधायला आता वेळ नाही. पण उजवा हात त्याच्या आधी निघाला होता. सदऱ्याची बाही फळ्यापर्यंत गेली. एक झटका, आणि चार पुसला गेला असता. तीन दहा लिहायला खडू हाताशीच होता. मग कुणी काही म्हणू शकलं नसतं.

बाही फळ्याला टेकली आणि थांबली.

“भिकारचोट,” म्हातारा म्हणाला. कुणाला, ते विचारायला तिथे कुणी नव्हतं.

तो पळाला. एकतीस वर्षांत त्याला कुणी पळताना पाहिलं नव्हतं.

८

वाळू अजून उघडी होती, पण कडा चमकत होत्या. दोन्ही बाजूंनी पाणी आत येत होतं, आवाज न करता, सपाट. पलीकडे खडकावर माणसं दिसत होती. सूनबाईची पिवळी ओढणी. कुणीतरी डबे उघडले होते.

“परत फिरा!” म्हातारा ओरडला. “ए, परत फिरा!”

ओढणी हलली. सूनबाई उभी राहिली. वाऱ्यावरून तिचा आवाज आला. “चार वाजायला अवकाश आहे!”

“तीन दहा! तीन दहा आहे आज!”

“फळ्यावर तुम्हीच लिहिलंय! मी माझ्या डोळ्यांनी वाचलं!”

तो वाळूवर उतरला. पन्नास पावलं, शंभर. पाणी घोट्याला लागलं. ऊन तोंडावर होतं, म्हणून त्याला आधी नीट दिसलं नाही. वाटेच्या मध्यावर कुणीतरी उभं होतं. पाठमोरं. खाकी कोट, कोपरावर ठिगळ. हात मागे बांधलेले.

त्याच्यापुढे, वाटेच्या बाजूला, जिथे पाणी खोल आहे तिथे, सात माणसं कंबरभर पाण्यात रांगेत उभी होती. माना किंचित खाली. माहिती ऐकताना पाहुणे उभे राहतात तशी. शहाण्यासारखी, आज्ञाधारक.

“…घाई नाही,” कोटवाला सांगत होता. ‘च’ लख्ख होता. “चारच्या आत मागे फिरा.”

“खोटं आहे!” म्हातारा किंचाळला. “खोटं बोलतो हा! ऐकू नका!”

कोटवाला थांबला नाही. पुन्हा विहिरीपासून सुरू केलं.

खडकावरून सूनबाईचा आवाज आला, आणि आता त्यात राग नव्हता. “बाबा… तुमच्या पुढे कोण उभं आहे?”

“निघ तू! माणसं घे आणि निघ!”

“वेळ चार लिहिली होती! तुम्ही कधी चुकत नाही म्हणता ना? मग कुणाचं ऐकू मी?”

पाणी गुडघ्यांना लागलं. म्हाताऱ्याने तोंड उघडलं, आणि अठरा वर्षं तिथे अडकलेलं निघता निघेना. मग निघालं. सबंध बेटाला ऐकू जाईल अशा त्या आवाजात निघालं.

“मी चुकलो! आज चुकलो, तेव्हाही चुकलो! बोट खाली घसरलं होतं! फळा मी पुसला! त्यांनी ऐकलं होतं, सगळं नीट ऐकलं होतं, मीच चार सांगितलं!”

कोटवाला बोलायचा थांबला.

खडकावर गडबड उडाली. सूनबाईने आधी एका बाईचा हात धरला, मग दुसरीचा. अकरा जण एकमेकांना धरून पाण्यात उतरले. ती त्यांना वाटेच्या मधोमध ओढत होती, ओरडत होती, “डावीकडे नको! सरळ! मागे बघू नका!” म्हाताऱ्याजवळून ते गेले तेव्हा पाणी त्यांच्या मांड्यांपर्यंत होतं. कुणी रडत होतं. त्याने मोजले. अकरा, आणि सूनबाई बारावी. सगळे काठाला लागले.

“बाबा, चला!” ती काठावरून ओरडली. “चला ना! आता कशाला थांबलात?”

त्याला जायचं होतं. पाय उचललाही होता.

पण कोट आता त्याच्याच अंगावर होता. ओला, जड, बाहीवर पांढरा डाग. पुढे कुणी पाठमोरं उरलं नव्हतं. सात माणसं होती, आणि त्यांनी माना वर केल्या होत्या.

माहिती संपली होती. शेवटचं एक वाक्य राहिलं होतं, आणि ते न सांगता तो एकतीस वर्षांत कधी धक्क्यावरून हलला नव्हता.

“काही विचारायचं असेल,” म्हातारा हळू आवाजात म्हणाला, “तर आत्ता विचारा.”

रांगेच्या टोकाला मास्तराने हात वर केला. कोपर सरळ.

“विचारा, मास्तर,” म्हातारा म्हणाला, आणि या वेळी थांबला.